तेराव्या पानावरचा मृत्यू : टॅरो आणि हिंदू पुराणकथा

टॅरोच्या पूर्ण जोडात ७८ पाने असतात. त्यांतली ५६ पाने नेहमीच्या पत्त्यांसारखी चार रंगांत वाटलेली असतात. उरलेली २२ स्वतंत्र चित्रांची, म्हणजे मूळच्या खेळातली हुकमाची पाने. या बावीसांतले तेरावे पान मृत्यूचे. पंधराव्या शतकाच्या मध्यास मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा आणि त्याची पत्नी बिआंका मारिया व्हिस्कोन्ती यांच्या घराण्यासाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेला एक जोड आज बराचसा शाबूत आहे. त्यातल्या मृत्यूच्या पानावर मानवी सांगाडा उभा आहे. एका हातात धनुष्य, दुसऱ्या हातात बाण, कवटीला पांढरी पट्टी बांधलेली. त्याच काळातल्या दुसऱ्या एका मिलानी जोडात हाच सांगाडा घोड्यावर बसून कोयता फिरवतो आणि टापांखाली माणसे तुडवली जातात.

हे चित्र पत्ते रंगवणाऱ्यांनी नव्याने शोधलेले नव्हते. १३४७ ते १३५१ या वर्षांत प्लेगने युरोपातली कोट्यवधी माणसे नेली आणि साथ पुढेही पुन्हा पुन्हा येत राहिली. मृत्यूची विजययात्रा हा विषय इटलीतल्या भिंतींवर, हस्तलिखितांत आणि मिरवणुकांत रुजला तो या काळात. पेत्रार्काच्या 'त्रिओन्फी' या काव्यात प्रेमावर शील, शीलावर मृत्यू, मृत्यूवर कीर्ती असे विजयाचे टप्पे येतात, आणि टॅरोच्या चित्रांच्या पानांनाही आरंभी 'त्रिओन्फी' हेच नाव होते. सिसिलीतल्या पालेर्मो इथले १४४०च्या दशकातले मोठे भित्तिचित्र या पानाच्या शेजारी ठेवून पाहावे. त्यात हाडे निघालेल्या घोड्यावरचा सांगाडा बाण सोडत चालला आहे. पोप, बिशप, सरदार आणि नटलेल्या स्त्रिया पडत आहेत. एका कडेला लुळेपांगळे आणि भिकारी त्याला हात जोडून बोलावत आहेत, पण त्यांच्याकडे न बघता तो पुढे निघून गेला आहे.

युरोपीय मृत्यूच्या पानाचा मूळ आशय असा होता: मृत्यू कोणाचे ऐकत नाही आणि कोणाचा हुद्दा पाहत नाही. अठराव्या शतकात मार्सेय शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच जोडांत हा आशय आणखी आटोपशीर झाला. सांगाडा कोयत्याने काळी जमीन कापतो आहे आणि जमिनीवर हात, पाय, हाडे आणि दोन मुंडकी पडली आहेत. त्यांतल्या एका मुंडक्यावर मुकुट आहे. बाकीच्या चित्रांखाली नाव छापलेले असते. या पानावर बहुतेक जोडांत नाव नाही, फक्त आकडा आहे.

तोपर्यंत टॅरो हा खेळच होता. भविष्य सांगण्यासाठी त्याचा वापर रूढ झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने ही पाने प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांचा गुप्त ग्रंथ असल्याचे लिहिले. त्याला कसलाही आधार नव्हता. तरीही ही कल्पना फोफावली, आणि एकदा गूढ पूर्वेचे दार उघडल्यावर पत्त्यांचे मूळ भारतात शोधणारेही निघाले. प्रत्यक्षात पत्ते चीनमधून इस्लामी जगाच्या वाटेने १३७०च्या दशकात युरोपात पोहोचले आणि हुकमाची चित्रे त्यांत इटलीमध्ये भरली गेली. मायकेल डमेट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात टॅरोचा खेळ म्हणूनचा इतिहास तपशिलाने मांडला, त्यानंतर इजिप्तच्या कथेला अभ्यासकांत जागा उरली नाही. टॅरो आणि हिंदू पुराणे यांच्यात जन्माचे नाते नाही. जे नाते आहे ते नंतर जोडलेले आहे, आणि तसे मान्य करूनच त्याकडे पाहिले पाहिजे.

ते जोडण्यातला एक धागा मुंबईतून जातो. न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि हेन्री ऑल्कट १८७९ साली मुंबईत उतरले. 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक त्याच वर्षी मुंबईतून निघू लागले. मद्रासजवळच्या अड्यारला बिऱ्हाड हलवण्याआधीची काही वर्षे सोसायटीचे मुख्य ठाणे मुंबई हेच होते. कर्म, पुनर्जन्म, तत्त्वे हे शब्द या मंडळींनी इंग्रजी वाचकांच्या तोंडी घातले. लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळाने पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या पंचतत्त्वांची चिन्हे आपल्या ध्यानाच्या अभ्यासात घेतली ती या हवेतच. त्याच मंडळाने मृत्यूच्या पानाला वृश्चिक रास दिली.

या मंडळातले आर्थर एडवर्ड वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांचा जोड १९०९ साली लंडनमध्ये निघाला. आज जगभर सर्वाधिक ओळखीचे झालेले मृत्यूचे पान त्यातलेच. काळे चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसला आहे. हातातल्या काळ्या निशाणावर पांढरा गुलाब आहे. राजा मरून पडला आहे, सोनेरी वस्त्रांतला धर्मगुरू हात जोडून उभा आहे. तरुणी तोंड फिरवून गुडघ्यांवर आली आहे, आणि तिच्याजवळचे लहान मूल मात्र घोड्याकडे बघते आहे. मागे नदीत नाव आहे आणि दूरवर दोन बुरुजांच्या मध्ये सूर्य. जुन्या चित्रात नसलेले दोन तपशील, नदी आणि सूर्य, पानाचा अर्थच फिरवतात. पत्ते वाचणारे आज हे पान आले की मरण सांगत नाहीत, काहीतरी संपून नवे सुरू होईल असे सांगतात. मृत्यू म्हणजे रूपांतर, ही पानाची आजची ओळख. भारतीय चित्रकारांना आणि वाचकांना हे पान आपल्या कथांत बसवण्याजोगे वाटू लागले ते या नव्या अर्थामुळे.

भारतातही चित्रांच्या पत्त्यांची परंपरा होती, पण तिच्यात मृत्यूला पान मिळाले नाही. बाबराने १५२७ साली गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे आणि अबुल फजलने अकबराच्या दरबारातल्या गंजिफ्याचे रंग नोंदवले आहेत. पुढे या इराणी वळणाच्या खेळाला दशावताराचे रूप आले. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी लाखेचा हात देऊन रंगवलेला दशावतारी गंजिफा १२० गोल पानांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने. दिवसा डाव मांडला तर उतारी रामाच्या रंगाची, रात्री कृष्णाच्या. ही कला अस्तास जाऊ लागली तेव्हा १९७०च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात पुन्हा उभे केले. गंजिफ्यात दहा अवतार सारख्या मानाने येतात. खेळताना देवांची नावे तोंडी यावीत ही त्यामागची श्रद्धा होती. तिथे मृत्यूला स्वतंत्र पान काढण्याचे कारणच नव्हते. म्हणून टॅरोचे तेरावे पान भारतीय करायचे म्हटले की चित्रकाराला तयार नमुना मिळत नाही, त्याला पुराणांकडेच जावे लागते.

पुराणांकडे गेल्यावर पहिले नाव सुचते ते यमाचे. रेड्यावर बसलेला, हातात पाश आणि दंड, शेजारी वही घेतलेला चित्रगुप्त. हे रूप पुराणांतले आहे. त्याच्या कितीतरी आधी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, यम हा विवस्वानाचा पुत्र आणि मरणाऱ्यांमध्ये पहिला आहे. त्याने पलीकडची वाट शोधली आणि मागून येणाऱ्यांसाठी ती खुली झाली. चार डोळ्यांचे दोन कुत्रे त्या वाटेची राखण करतात. हा यम पितरांचा राजा आहे आणि पाने डवरलेल्या झाडाखाली देवांच्या संगतीत बसतो. त्याच मंडलात मृत्यूला वेगळे संबोधून, तू तुझ्या वेगळ्या वाटेने जा, आमच्या माणसांना हात लावू नकोस, अशी विनवणी आहे. म्हणजे यम आणि मृत्यू हे आरंभी एकच नव्हते. पुढे धर्मराज, दक्षिणेचा दिक्पाल, पापपुण्याचा हिशेब करणारा न्यायाधीश ही यमाची कामे वाढत गेली आणि गरुडपुराणाच्या काळापर्यंत यमपुरी, यमदूत, वैतरणी नदी अशी त्याची सगळी व्यवस्था उभी राहिली.

टॅरोच्या दृष्टीने अडचण इथेच आहे. इटालियन सांगाडा हिशेब करत नाही. ख्रिस्ती क्रमात न्याय फार पुढे, जगाच्या शेवटी होतो आणि म्हणून बावीस पानांत अंतिम न्यायाचे पान विसावे आहे, मृत्यूच्या सात घरे पलीकडे. यम मात्र माणूस मेल्याबरोबर निवाडा करतो. यमाला तेराव्या पानावर बसवले की न्यायाची तराजू घेतलेले पान आणि अंतिम न्यायाचे पान, दोन्ही निम्मी रिकामी होतात. धर्मराज म्हणून यमाची खरी जागा न्यायाच्या पानावर आहे. नुसता रेडा आणि पाश काढून तेरावे पान सजवणे सोपे आहे, पण त्यात पानाचा आशय निसटतो.

यमाच्या गाजलेल्या कथाही पालेर्मोच्या भिंतीच्या अगदी उलट आहेत. तिथे मृत्यू कोणाचे ऐकत नाही, इथे यमाशी बोलता येते. वनपर्वातली सावित्री सत्यवानाचा अंगठ्याएवढा पुरुष पाशात बांधून निघालेल्या यमामागे चालत राहते. लाल वस्त्रे नेसलेला यम तिच्या बोलण्यावर प्रसन्न होऊन वरामागून वर देतो आणि शेवटी नवऱ्याचे प्राणही परत देतो. ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या स्त्रियांना ही कथा सांगावी लागत नाही. कठोपनिषदात नचिकेत यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो. पाहुणा उपाशी राहिला म्हणून यम खजील होतो आणि तीन वर देऊ करतो. मरणानंतर माणूस असतो की नसतो हे तिसऱ्या वराने विचारल्यावर तो आधी हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य यांचे आमिष दाखवतो आणि मुलगा ढळत नाही म्हटल्यावर त्याचा गुरू होतो. मार्कंडेयाच्या कथेत तर यमालाच मार खावा लागतो. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, दशावतार लेण्यात, हा प्रसंग कोरलेला आहे: मुलगा लिंगाला बिलगला आहे आणि लिंगातून निघालेला शिव यमाला लाथेने उडवतो आहे. तेराव्या पानाचा अर्थ रूपांतर असा घ्यायचा असेल तर या तिन्हींत नचिकेताची कथा सर्वांत जवळची. तिच्यात मृत्यू टळत नाही, मृत्यूकडून शिकून माणूस बदलतो.

सांगाडा हवा असेल तर तोही भारतात आहे, आणि तो इटलीपेक्षा आठ-नऊशे वर्षे जुना आहे. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वर लेण्यात, सप्तमातृकांच्या रांगेजवळ काल आणि काली यांचा समूह आहे. साधारण सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे काम. सुबक, भरलेल्या अंगांच्या मातृकांनंतर एकदम बरगड्या मोजता येतील अशा आकृत्या समोर येतात. चौदाव्या लेण्यातही मातृकांच्या ओळीच्या टोकाला असेच सांगाडे आहेत. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे. जन्म देणाऱ्या आणि राखणाऱ्या मातांच्या पंक्तीच्या शेवटी काळ बसवला आहे. इटालियन पानावरचा सांगाडा एकटा असतो, वेरूळचा सांगाडा आयांच्या घरातला आहे.

त्या मातृकांतली चामुंडा हे भारतीय मृत्युचित्राचे सर्वांत तीव्र रूप. देवीमाहात्म्यात चंड आणि मुंड यांना मारणारी काली तिच्या या पराक्रमामुळे चामुंडा म्हणून ओळखली जाते. ओडिशा आणि मध्य भारतातल्या शिल्पकारांनी तिला खोबणीत गेलेले डोळे, वाळलेले स्तन, प्रेताचे आसन आणि मुंडमाळा दिली. खपाटीला गेलेल्या पोटावर अनेक मूर्तींत विंचू कोरलेला असतो. ती सतत भुकेली आहे आणि विंचू ही न शमणारी भूकच दाखवत असावा. गोल्डन डॉनने तेराव्या पानाला वृश्चिक रास दिली तेव्हा या मूर्ती त्यांच्यापुढे होत्या असे मानण्यास आधार नाही. तरीही आज हे पान भारतीय रूपात काढणाऱ्याला राशीची खूण बाहेरून आणावी लागत नाही, ती मूर्तीतच आहे. कालीचे पान काढणारे बहुधा जीभ बाहेर काढलेली, शिवावर पाय दिलेली बंगाली काली घेतात. ती देखणी आहे, पण तिचा आवेग संहाराचा आणि शक्तीचा आहे. मरण म्हणजे शरीर झिजणे, ही गोष्ट चामुंडा सांगते.

कल्की हा आणखी एक मोह. पांढरा घोडा, उगारलेली तलवार, हे चित्र स्मिथबाईंच्या घोडेस्वाराला अगदी जुळते. पण कल्की एका माणसाचे आयुष्य संपवायला येत नाही, तो युग संपवतो. त्याची जागा वीज पडून कोसळणाऱ्या मनोऱ्याच्या, सोळाव्या पानावर असायला हवी.

महाभारतात मृत्यूची एक कथा अशी आहे की टॅरोच्या दृष्टीने तिच्याइतकी नेमकी दुसरी नाही, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. आरंभी कोणी मरतच नव्हते. प्राणी वाढत गेले, पृथ्वीला भार झाला, ब्रह्मदेवाला उपाय सुचेना. त्याच्या रागातून अग्नी निघाला आणि सगळे जळू लागले. शिवाने प्राण्यांसाठी विनवणी केली तेव्हा ब्रह्मदेवाने तो अग्नी आवरून धरला आणि त्यातून एक स्त्री प्रकट झाली. काळी आणि लाल वस्त्रे, लाल डोळे, कानांत कुंडले. ती दक्षिणेकडे निघाली होती. ब्रह्मदेवाने तिला मृत्यू म्हणून हाक मारली आणि लहानथोर सगळ्यांना मारण्याचे काम सांगितले. ती रडू लागली. लेकरे, भाऊ, आईबाप यांना मी कशी मारू, त्यांच्या मागे रडणाऱ्यांचे तळतळाट मला लागतील, असे म्हणून तिने काम नाकारले. तिचे अश्रू ओंजळीत धरले गेले. काम टळावे म्हणून तिने एका पायावर उभे राहून अनेक वर्षे तप केले, पण ब्रह्मदेवाची आज्ञा फिरली नाही. शेवटी त्याने सांगितले की हे अश्रूच रोग होतील, रोगांनीच माणसे मरतील आणि अधर्माचा दोष तुला लागणार नाही.

ही कथा पारंपरिक प्रतींत दोनदा येते, द्रोणपर्वात अभिमन्यूच्या मृत्यूनंतर आणि पुन्हा शांतिपर्वात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने द्रोणपर्वातले कथानक परिशिष्टात टाकले आणि शांतिपर्वातले संहितेत ठेवले. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण सोळा वर्षांचा मुलगा चक्रव्यूहात पडल्यावर युधिष्ठिराला सांगितलेली ही कथा त्या जागी जितकी बोचते तितकी दुसरीकडे नाही. तेराव्या पानासाठी तिच्यात सगळे आहे. इथली मृत्यू न्याय करत नाही, सूड घेत नाही, हुद्दा पाहत नाही. इटालियन सांगाड्याइतकीच ती सर्वांना सारखी आहे. फरक इतकाच की सांगाड्याला चेहरा नाही आणि तिला रडू येते. ओंजळ भरलेल्या अश्रूंची तरुणी, काळी-लाल वस्त्रे, पाठीमागे दक्षिण दिशा, एवढ्या सामग्रीवर पान उभे राहते. मुकुट पडलेले मुंडके तिच्या पायाशी ठेवले तर जुन्या पानाशी नातेही टिकते.

अलीकडे भारतीय विषयांवरचे टॅरोचे जोड निघू लागले आहेत. मुंबईच्या योगी इम्प्रेशन्सने प्रसिद्ध केलेला रोहित आर्य आणि चित्रकार जेन अॅडम्स यांचा 'सेक्रेड इंडिया टॅरो' हा त्यांतला गंभीरपणे केलेला प्रयत्न. अशा जोडांची खरी परीक्षा एकेका सुट्या पानावर होत नाही, पानांच्या क्रमात होते, आणि या क्रमात महाराष्ट्रातल्या आचारांची मदत होण्याजोगी आहे.

तेरा हा आकडा मराठी घरांत मृत्यूशी आधीच बांधलेला आहे. आश्विन वद्य त्रयोदशीला, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे करतात आणि तो यमासाठी घराबाहेर ठेवतात. घरात अकाली मरण येऊ नये ही त्यामागची मागणी. मरणोत्तर विधींत दहावा, अकरावा, बारावा यांच्यानंतर तेरावा येतो. त्या दिवशी गोडाचे जेवण होते, सुतकाचे दिवस मागे पडतात आणि घर पुन्हा नेहमीच्या व्यवहाराला लागते. युरोपात तेरा अशुभ म्हणून मृत्यूला चिकटला. इथे तेरावा दिवस शोकाचा शेवट करणारा आहे, म्हणजे स्मिथबाईंच्या पानावरच्या सूर्याच्या बाजूचा.

टॅरोत मृत्यूच्या लगेच पुढचे, चौदावे पान संयमाचे. त्यावर एक देवदूत एका पात्रातले पाणी दुसऱ्या पात्रात ओततो आहे. चौदाव्या पानाचे हिंदू रूप काढताना बहुतेकांना गंगावतरण किंवा समुद्रमंथन सुचते. पण बाराव्या दिवशी होणाऱ्या सपिंडीकरणाच्या विधीत हीच कृती प्रत्यक्ष होते. प्रेताच्या नावाचे अर्घ्यपात्र आणि वडील, आजोबा, पणजोबा यांची तीन पात्रे वेगळी मांडलेली असतात. प्रेताच्या पात्रातले पाणी मंत्र म्हणत त्या तीन पात्रांत ओततात. प्रेतपिंडाचे तीन भाग करून ते तिघांच्या पिंडांत मिसळतात. तोवर प्रेत असलेला माणूस त्या क्षणापासून पितर होतो. तेराव्या पानावर रडणारी मृत्यू आणि चौदाव्यावर अर्घ्यपात्रे घेतलेला कर्ता, अशी जोडी काढली तर बावीस पानांच्या मूळ क्रमाला धक्का लागत नाही आणि दोन्ही चित्रांना इटलीकडून काही उसने घ्यावे लागत नाही.